एकरकमी उजेड

उपर्नाविक म्हणजे वसंताची जागा.
नाव ठेवणारे उन्हाळ्यात आले असावेत.

नोव्हेंबरचा सोळावा दिवस.
भर दुपारी समुद्राच्या कडेवर
सूर्याची एक लाल कोर आली,
बघितल्यासारखं केलं, गेली.
आता ती जानेवारी सरता सरता.

शेडमध्ये नुकाप्पी गळांना आमिष लावतोय.
पाचशे गळ, स्क्विडचे पाचशे तुकडे,
बोटं पांढरीफटक. बाहेर कुत्री साखळ्या ओढतात.
पिपालुक फ्रीझरवर बसून पाय हलवते:
"शाळेत म्हणाले, पृथ्वी कललेली आहे.
मग सरळ का होत नाही?
एका कुशीवर अवघडलो की आपण वळतोच ना?"

नुकाप्पीची उत्तरं तोंडात नसतात, हातात असतात.
खुंटीवरचा नारिंगी बोया काढला,
मधल्या भोकातून काठी सारली.
"वर, टोकाजवळ, शाईचा ठिपका दे.
हे आपण."
लोंबता बल्ब छातीएवढा खाली ओढला,
काठी कलवली, टोक दाराकडे.
"मी कुठेही गेलो तरी टोक दाराकडेच. लक्ष ठेव."

आणि तो बल्बभोवती चालला, गमबूट फरफटत,
बोया गरगर फिरवत.
दार समोर, बल्ब मधे:
टोक उजेडावर झुकलेलं.
कितीही फिरवा, ठिपका उजेडातून बाहेर पडेना.
अर्धी फेरी. आता दार पाठीशी,
टोक तसंच दाराकडे,
म्हणजे उजेडाकडे पाठ.
फिरव, अजून फिरव:
ठिपका काळोखातच गिरक्या घेतो.
बोयाचं पोट मात्र
प्रत्येक गिरकीला उजळतं, विझतं, उजळतं.

"म्हणजे सूर्य रुसत नाही?"
"त्याला पत्ताही नसतो."
"आणि आपण?"
"आपण काठीच्या टोकाशी राहतो, एवढंच.
पृथ्वीची नजर एका ताऱ्यावर.
त्यापायी कुणाकडे पाठ झाली
तर मागे वळून बघत नाही ती."

फोन थरथरला. तुपार्ना, नूकहून.
ऑगस्टपासून मूत्रपिंडाच्या उपचारांना गेलेली.
तिने फोन खिडकीला लावला:
"हा बघ, इकडे अजून आहे."
इस्पितळाच्या पार्किंगवर चिमूटभर सूर्य.
पिपालुकने स्क्रीन ठिपक्यापुढे धरला.
ठिपका निळसर दिसला थोडा वेळ.
नुकाप्पी पुन्हा गळांकडे वळला.

दुकानातला कालेराक हिशेबाचा पक्का.
म्हणतो, वर्षाकाठी उजेड सगळ्यांना जवळजवळ सारखाच.
खालच्यांना रोजंदारीवर, आपल्याला एकरकमी.
आणि एकरकमी पैशाचं होतं तेच होतं:
मे ते ऑगस्ट माणसं उधळतात,
पहाटे तीनला घरं रंगवायला काढतात,
मध्यरात्री पोरांचा फुटबॉल,
झोप हवी तर खिडकीला ॲल्युमिनियमचा कागद,
रात्र घरीच बनवायची.
मग हिवाळ्यात सगळे
खिसे उलटे करून
कॉफीच्या वाफेभोवती बसतात,
एकमेकांच्या घरी, बोलावल्याशिवाय.

अगदीच काळोख असतो असंही नाही.
दुपारी दक्षिणेला एक जांभळा पट्टा उठतो,
कोणीतरी शेजारच्या खोलीत दिवा लावावा तसा.
पिपालुक त्या खोलीचं दार शोधत नाही आता.

जानेवारीच्या शेवटी शाळेला सुट्टी.
अख्खं गाव टेकडीवर चढलं.
ती उतरली बर्फावर,
जिथे भोकाशी दोरी बांधून
तोच बोया ठेवला होता,
ठिपका अर्धा पुसलेला.
तिने तो दक्षिणेकडे वळवला.
असं चालत नाही, तिला माहीत होतं.
टेकडीवरून ओरडा आला, भांडी वाजली.
इथे खाली सावलीच.

परवा फोनवर आई म्हणाली,
मार्चच्या एकविसाव्या तारखेचं हेलिकॉप्टर.
पिपालुकने बाबाला न सांगता
बोया, काठी, बल्ब काढला,
पाव फेरीपाशी थांबली:
टोक बल्बकडे नाही, बल्बपासून दूरही नाही.
गिरकी दिली.
ठिपका अर्धा उजेडात, अर्धा काळोखात,
पोटाएवढाच.
त्या दिवशी नूकला बारा तास, इथेही बारा.

तिने गिरक्या मोजल्या.
बावन्न होत्या अजून.